मंजूर आणि जमा यांच्या मधली वाट

आमच्या दुकानात घड्याळं विकली जातात आणि दुरुस्तही होतात. विक्री बाबा बघतात, दुरुस्तीचं बाक माझं. कितीतरी वर्षं सगळा व्यवहार रोखीत चालला. मग भारीतलं घड्याळ मनगटावर लावून बघता बघता "कार्ड चालतं ना?" असं विचारणारी गिऱ्हाइकं वाढली. "नाही" म्हटलं की ती घड्याळ हळूच काचेवर ठेवायची आणि "पैसे काढून येतो" म्हणून जायची. त्यातली बरीचशी परत यायची नाहीत. अशाच एका संध्याकाळी मी बाबांना म्हटलं, आता मशीन घेऊ या.

मला वाटलं होतं, एक कागद भरला की मशीन दुकानात येईल. अर्ज हातात आला तो चांगला जाडजूड. काय विकता, सरासरी बिल केवढं होतं, महिन्याची उलाढाल किती, मोठ्यात मोठं बिल केवढं होऊ शकतं, आगाऊ पैसे घेता का, घेतलेत तर माल किती दिवसांनी देता. बाबा वैतागले. "आपण काय कर्ज मागायला आलोय का?"

तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. उलगडा पुढे झाला. ज्या बँकेकडून दुकानदार मशीन घेतो तिला या धंद्यात अक्वायरर म्हणतात, आणि गिऱ्हाइकाला कार्ड देणाऱ्या बँकेला इश्युअर. समजा, मी आगाऊ पैसे घेतले आणि दुकानाला कुलूप लावून निघून गेले. गिऱ्हाईक आपल्या बँकेकडे तक्रार करणार, ती बँक ते पैसे अक्वायररकडून मागून घेणार, आणि अक्वायररला मी सापडले नाही तर भुर्दंड त्याच्याच माथी. म्हणजे मशीन देताना बँक दुकानदाराला एका अर्थी उधारीच देत असते. बाबा रागाच्या भरात बोलले ते अगदी खरं होतं.

अर्जातल्या एका चौकटीपाशी आम्ही दोघं अडलो. धंद्याचा चार आकडी कोड. दागिने, घड्याळं आणि चांदीच्या वस्तू विकणाऱ्या दुकानांचा कोड ५९४४, आणि घड्याळ-दागिने दुरुस्तीचा ७६३१. आमच्याकडे दोन्ही. मी सहज म्हटलं, काहीही लिहा, काय फरक पडतो? अर्ज घ्यायला आलेल्या गृहस्थांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "ताई, पडतो." किती टक्के कापले जातील, कोणता व्यवहार संशयास्पद मानला जाईल, गिऱ्हाइकाच्या कार्डावर त्या खरेदीचे पॉइंट मिळतील की नाही, हे सगळं त्या चार आकड्यांवरून ठरू शकतं. आमची मोठी उलाढाल विक्रीची, म्हणून ५९४४ लिहिला.

मशीन बसवायला एक तरुण मुलगा आला. त्याने मशीनमध्ये दोन क्रमांक घातले. एक त्या मशीनचा, आठ अक्षरी टीआयडी. दुसरा आमच्या दुकानाचा, पंधरा अक्षरी एमआयडी. "ताई, हे दोन्ही कुठेतरी लिहून ठेवा. फोन केलात की पहिल्यांदा हेच विचारतात." मी ते बाकाच्या खणात आतल्या बाजूला चिकटवले. तो कागद पुढे इतक्यांदा कामी आला की आता मळून काळा झालाय. नंतर मशीन बँकेशी जोडलं गेलं, गुप्त किल्ल्या, म्हणजे माहिती कुलूपबंद करणारे गुप्त आकडे, आत उतरल्या, आणि त्याने स्वतःच्या कार्डावरून अगदी छोट्या रकमेचा व्यवहार करून लगेच रद्द केला.

तो गेल्यावर मी माझं स्वतःचं कार्ड बाकावर घेऊन बसले. वर्षानुवर्षं पाकिटात असलेली ही वस्तू मी कधी नीट पाहिलीच नव्हती. बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर लावला. लांबी ८५.६ मिमी, रुंदी ५४ला जेमतेम कमी, जाडी पाऊण मिमी. मापं जगभर हीच, म्हणून कुठलंही कार्ड कुठल्याही खाचेत बसतं. मग डोळ्याला लूप, म्हणजे घड्याळवाल्यांचं भिंग, लावून सोनेरी चौकोन पाहिला. बारीक रेघांनी तो तुकड्यांत विभागलेला असतो आणि प्रत्येक तुकडा म्हणजे आतल्या चिपचं एक टोक: एकातून वीज, एकातून घड्याळाचे ठोके, एकातून माहितीची ये-जा. होय, ठोके. चिपला स्वतःची लय नसते, मशीन तिला ठोके पुरवतं आणि त्या तालावर ती काम करते. घड्याळवालीला आवडावी अशीच ही गोष्ट.

मागची काळी पट्टी त्या मानाने मुकी. तिच्यावर कार्डाचा नंबर, मुदत आणि आणखी थोडे आकडे कायमचे कोरलेले. प्रत्येक वेळी तेच वाचून दाखवते, म्हणून तिची नक्कल करणं सोपं. चिपचं तसं नाही. मशीन तिला रक्कम, तारीख आणि एक नवा आकडा देतं. त्यावरून चिप आपल्या पोटातली किल्ली वापरून त्या एकाच व्यवहारापुरती खूण तयार करते. ती खूण आमच्या बँकेकडून, कार्ड कंपनीच्या जाळ्यातून, गिऱ्हाइकाच्या बँकेपर्यंत जाते. ती बँक खूण तपासते, खात्यात पैसे आहेत का पाहते आणि उत्तर पाठवते. हे उत्तर परत चिपपर्यंत पोचवायचं असतं, म्हणून 'कार्ड काढू नका' असं पडद्यावर येतं. गिऱ्हाइकं घाईने कार्ड ओढतात आणि व्यवहार मोडतो. टॅप करताना कार्ड क्षणभरच जवळ येतं, तेवढ्यात खूण घेतली जाते आणि पुढचं सगळं कार्डाशिवाय चालतं.

उत्तर म्हणजे खरं तर दोन आकडे. ०० म्हणजे मंजूर. ५१ शिल्लक अपुरी, ५४ कार्डाची मुदत संपली, ५५ पिन चुकला, ९१ म्हणजे पलीकडची बँकच उत्तर देत नाही. ०५ सगळ्यात अवघड: बँक नाही म्हणते आणि कारण सांगत नाही. ही यादी मी मशीनच्या मागे चिकटवली आहे, पण मोठ्याने कधी वाचत नाही. एकदा मुलीला वाढदिवसाचं घड्याळ घ्यायला आलेल्या बापाच्या कार्डाला ५१ आलं. मुलगी शेजारीच उभी. मी मशीन त्यांच्याकडे वळवलं आणि म्हटलं, "आज लाइन नीट नाही दिसत, दुसरं कार्ड असेल तर बघू या." त्यांनी पडदा वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि दुसरं कार्ड काढलं. तेव्हापासून नकार कसलाही असो, मी पडदा आधी गिऱ्हाइकाकडे वळवते.

पहिल्या दिवशी चार व्यवहार झाले. संध्याकाळी बाबांनी वही उघडली. "पैसे आले का?" मी म्हटलं, मंजूर झालेत, येतील. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तिसऱ्या दिवशी पुन्हा. खात्यात काहीच नाही. चौथ्या दिवशी मी बँकेला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी टीआयडी विचारला आणि शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही बॅच बंदच केलेली नाही."

ही गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती. मशीन 'मंजूर' म्हणतं तेव्हा पैसा हललेला नसतो. गिऱ्हाइकाच्या बँकेने तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवायचं कबूल केलेलं असतं, इतकंच. दिवसभरातले मंजूर व्यवहार मशीन एका गठ्ठ्यात जमा करतं, तो गठ्ठा म्हणजे बॅच. दुकानदाराने सेटलमेंटचं बटण दाबलं की गठ्ठा अक्वायररकडे जातो, तिथून कार्ड कंपनीकडे, मग बँकांचा आपसात हिशेब होतो आणि शेवटी आपल्या खात्यात रक्कम पडते. पुष्कळ मशीन हे काम रात्री ठरलेल्या वेळी आपोआप करतात. आमच्या मशीनवर ती सोय बंद होती. बटण दाबायला फार दिवस लावले तर मिळालेली मंजुरी शिळी होते आणि पैसे अडकू शकतात. त्या दिवशी मी बॅच बंद केली, मशीनने हातभर लांब कागद बाहेर टाकला, आणि दुसऱ्या दिवशी खात्यात रक्कम आली.

बाबांनी त्याच रात्री वहीत दोन रकाने आखले. एकावर लिहिलं 'मंजूर', दुसऱ्यावर 'जमा'. दुसरा रकाना भरल्याशिवाय बरोबरची खूण करायची नाही, असा त्यांचा नियम.

खूण मात्र पहिल्याच ओळीत अडली, कारण आकडे जुळेनात. जमा झालेली रक्कम मंजूर रकमेपेक्षा कमी, आणि प्रत्येक दिवशी वेगळ्या प्रमाणात कमी. टक्केवारी कापली जाते हे करारात होतंच. पण बाबा एकच टक्का धरून गुणाकार करत होते आणि तो एका दिवशी जुळे, दुसऱ्या दिवशी नाही. दोन रविवार मी स्लिपा घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं की फरक कार्डागणिक होता. कापलेल्या रकमेचे तीन वाटेकरी असतात: गिऱ्हाइकाची बँक, कार्ड कंपनी आणि आपली बँक. यातला मोठा वाटा सहसा गिऱ्हाइकाच्या बँकेचा. डेबिटला तो कमी, क्रेडिटला जास्त, कंपनीच्या नावावरच्या किंवा परदेशी कार्डाला आणखी जास्त. आमचा करार 'कापून उरलेलं जमा' अशा पद्धतीचा होता. मी विनंती करून तो बदलून घेतला. आता पूर्ण रक्कम जमा होते आणि महिन्याच्या शेवटी शुल्क एकदम वळतं होतं. शुल्क तेवढंच जातं, पण रोजचे दोन रकाने जुळतात, आणि बाबांची झोप त्यावर अवलंबून होती.

चुकून एक शून्य जास्त दाबलं गेल्याचा प्रसंगही घडला. गिऱ्हाइकाच्या आधी माझ्याच लक्षात आलं आणि बॅच बंद व्हायची होती, म्हणून जागच्या जागी व्यवहार रद्द करता आला. बॅच गेल्यावर तीच चूक सापडली असती तर रद्द करता आलं नसतं, परतावा द्यावा लागला असता. तो वेगळा उलटा व्यवहार असतो आणि गिऱ्हाइकाच्या खात्यात पोचायला काही दिवस घेतो.

खरी परीक्षा एका गर्दीच्या संध्याकाळी झाली. एका गृहस्थांनी दुकानातलं सगळ्यात महाग घड्याळ पसंत केलं, कार्ड घातलं, पिन दाबला. पडद्यावर 'जोडत आहे'. ठिपके पुढे सरकत राहिले. मग 'उत्तर नाही'. त्याच क्षणी त्यांचा मोबाइल वाजला. "हे बघा, कापले की पैसे!" त्यांनी मेसेज दाखवला. रक्कम बरोबर, दुकानाचं नाव बरोबर. मागे चार माणसं उभी. घड्याळ डब्यात घालून रिबन बांधून तयार. बाबा माझ्याकडे बघत होते आणि मला त्यांच्या तोंडून न निघालेला प्रश्न ऐकू येत होता.

मी घड्याळ दिलं नाही. झालं होतं ते असं: त्यांच्या बँकेने मंजुरी दिली, पण ती आमच्यापर्यंत पोचायच्या आत वाट तुटली. मशीनला उत्तर मिळालं नाही की ते स्वतःहून निरोप पाठवतं, 'मगाचा व्यवहार धरू नका'. त्याला रिव्हर्सल म्हणतात. तो व्यवहार आमच्या बॅचमध्ये नव्हता, म्हणजे आम्हाला त्याचे पैसे कधीच येणार नव्हते. मेसेज खरा होता आणि तरीही आमच्यासाठी ती विक्री झालेली नव्हती. मी त्यांना खुर्ची दिली, मशीनमधून शेवटच्या व्यवहाराची स्लिप काढून हातात ठेवली आणि सांगितलं की अडकलेली रक्कम त्यांच्याच खात्यात सुटेल. ते चिडले, आणि त्यांचं चिडणं मला कळत होतं. त्यांच्या जागी मीही चिडले असते. घड्याळ मी त्यांच्या नावाने बाजूला ठेवलं. तीन दिवसांनी ते आले, रक्कम परत आल्याचं सांगितलं आणि पुन्हा कार्ड घातलं.

मशीनने मला सगळ्यात जास्त शिकवलं ते माझ्या हातच्या चुकीमुळे. वर्षभराने ते चार्जिंगच्या टोकाशी सैल झालं. धरून ठेवलं तर चार्ज होई, सोडलं की बंद. घड्याळ दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या हाताला एक सवय असते, काही बिघडलं की मागचं झाकण उघडायचं. मी बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला, स्क्रू सोडवले आणि झाकण नखभर उचललं. पडदा लाल झाला, एक इशारा आला, आणि त्यानंतर ते मशीन काहीच करेना. झाकण लावलं, बंद करून चालू केलं, इशारा तोच.

बदली मशीन घेऊन आलेल्या मुलाला मी सगळं खरं सांगितलं. त्याने समजावलं ते ऐकून मी थक्क झाले. मशीनच्या आत घड्याळात असतो तसा लिथियमचा छोटा सेल असतो. मशीन बंद असलं, बॅटरी काढलेली असली तरी तो जागा असतो. गुप्त किल्ल्या ज्या छोट्याशा स्मृतीत असतात तिला तो जिवंत ठेवतो आणि पहाराही देतो. झाकण उघडलं, आतली जाळी कापली, कुणी भोक पाडलं, तर मशीन स्वतःच त्या किल्ल्या पुसून टाकतं. किल्ल्या गेल्या की मशीनचा नुसता डबा उरतो. जोरात आपटूनही असं होऊ शकतं. गिऱ्हाईक पिन दाबतं तो कळफलकाच्या आतच कुलूपबंद होतो. मला, बाबांना, दुकानातल्या संगणकाला तो कधीच दिसत नाही. आणि ज्या किल्लीने तो कुलूपबंद होतो तीही प्रत्येक व्यवहाराला नवी. मी आजवर शेकडो घड्याळं उघडली, पण उघडणाऱ्या हाताला ओळखून आपलं काळीज पुसून टाकणारं यंत्र पहिल्यांदाच पाहिलं. मशीन बदलून देण्याचं शुल्क आम्ही भरलं.

चार्जबॅकचं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या तक्रारीवरून बँक पैसे परत मागते त्याचं, पहिलं पत्र दुसऱ्या वर्षी आलं. एका जुन्या घड्याळाच्या दुरुस्तीचे पैसे गिऱ्हाइकाने आगाऊ कार्डाने भरले होते आणि आता त्यांच्या बँकेकडे तक्रार होती: सेवा मिळाली नाही. घड्याळ मी स्वतः त्यांच्या हातात दिलं होतं. ते घेतल्याची सहीही होती, मंजुरीच्या स्लिपवरच घेतलेली. कार्ड कंपन्यांच्या नियमात अशा पुष्कळ कारणांसाठी गिऱ्हाइकाला १२० दिवसांपर्यंत तक्रार करता येते. दुकानदाराला उत्तर द्यायला मात्र मोजके दिवस मिळतात. मी निर्धास्त होते. स्लिपा आम्ही प्लॅस्टिकच्या पारदर्शक पाकिटात घालून खिडकीशेजारच्या फडताळात ठेवत होतो.

पाकीट काढलं आणि कागद हातात घेतला. पांढराशुभ्र. तारीख नाही, रक्कम नाही, मंजुरीचा क्रमांक नाही. मधोमध फक्त निळ्या पेनची सही, वळणदार, अगदी ताजी दिसणारी. मशीनचा कागद शाईने छापला जात नाही. कागदावर एक लेप असतो आणि तो उष्णतेने काळा होतो. ऊन लागलं की अक्षरं उडतात आणि काही प्लॅस्टिकमधली द्रव्यंही त्यांना खातात. आमच्याकडे ऊनही होतं आणि प्लॅस्टिकही. पैसे घेतले होते हे बँकेच्या नोंदीत होतंच. सिद्ध करायचं होतं ते घड्याळ परत दिल्याचं, आणि ती सही कुठल्या घड्याळाची आहे हे सांगणारं एकही अक्षर उरलं नव्हतं. रक्कम आमच्या खात्यातून वळती झाली आणि वर तक्रार हाताळण्याचं शुल्कही लागलं.

त्यानंतर घड्याळ परत दिल्याची सही साध्या छापील पावतीवर घ्यायला लागले. पावतीवर मी हाताने मंजुरीचा सहा अक्षरी क्रमांक आणि बारा अंकी संदर्भ क्रमांक लिहिते, रोज रात्री स्लिपांचे फोटो काढते, आणि मूळ स्लिपा बाकाखाली पत्र्याच्या डब्यात, अंधारात ठेवते. याच सुमारास आणखी एक गोष्ट दुरुस्त केली. गिऱ्हाइकाच्या खातेउताऱ्यावर दुकानाच्या नावाला जेमतेम वीस-पंचवीस अक्षरांची जागा असते आणि तिथे बाबांच्या नावाची नोंदणीकृत फर्म उमटत होती, पाटीवरचं नाव नाही. ओळख न पटल्याने दोघा-तिघांचे घाबरलेले फोन येऊन गेले होते. बँकेला लिहून ते नाव बदलून घेतलं.

दुसरी तक्रार आली ती एकाच कामाचे दोनदा पैसे घेतल्याची. सारख्याच रकमेचे दोन व्यवहार, एकाच कार्डावर, एकाच दिवशी. डबा उघडला. दोन पावत्या, दोन वेगळी घड्याळं, दोन संदर्भ क्रमांक, दोन सह्या. त्याच दुपारी सगळं स्कॅन करून पाठवलं. बरेच आठवडे काही कळलं नाही. मग एका सकाळी ती रक्कम परत जमा झालेली दिसली. बाबांनी वही मागितली, 'जमा'च्या रकान्यात बरोबरची खूण केली, आणि मग कितीतरी पानं मागे जाऊन त्या बुडालेल्या दुरुस्तीच्या ओळीवर बोट ठेवून थोडा वेळ थांबले. तिच्यापुढची जागा त्यांनी रिकामीच ठेवली आहे.